आधी उभे राहण्याची जागा, मग लेन्स

पत्र : मी अहमदपूरची आहे. दोन वर्षांपासून बारसे, वाढदिवस, साखरपुडा अशा छोट्या कार्यक्रमांचे फोटो काढते. येत्या वैशाखात ओळखीच्या एका घरच्या लग्नाची पूर्ण ऑर्डर पहिल्यांदाच मिळाली आहे. हळद नवरीच्या घरी अहमदपूरला आहे आणि लग्न दुसऱ्या दिवशी उदगीरच्या मंगल कार्यालयात, दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांच्या मुहूर्तावर आहे. सोबत माझा मावसभाऊ असेल. माझ्याकडे कॅनन २०० डी, १८-५५ ची किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ आहे, भावाकडे निकॉन डी ७५०, २४-१२० एफ ४ आणि एक फ्लॅश आहे. मी ६०,००० रुपये साठवले आहेत. भाऊ म्हणतो, नवी मिररलेस बॉडी, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, घे. तो असेही म्हणतो की हळदीचे तू बघ, मेन लग्न मी करतो. ऑर्डर माझ्या ओळखीने आली आहे, म्हणून हे मनाला लागले. साहित्य काय घ्यावे, कामे कशी वाटावीत आणि पैशांचे काय करावे?

उत्तर :

ताई, सस्नेह नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत आणि साहित्याचा प्रश्न सर्वांत आधी मांडला आहे. माझी विनंती आहे की तो क्रम बदलावा. लग्नात कोण कोठे उभे राहणार हे ठरल्याशिवाय कोणती लेन्स लागेल हे ठरत नाही, आणि ते एकदा ठरले की तुमच्या साठ हजारांतले बरेचसे पैसे कदाचित खर्चही करावे लागणार नाहीत. म्हणून मीही कामाच्या वाटणीपासून सुरुवात करतो.

सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग सांगतो. औशाजवळच्या एका गावात मी आणि माझा जोडीदार एका लग्नाचे फोटो काढत होतो. दोघांकडेही त्या काळच्या मानाने चांगले कॅमेरे होते. वाटणी मात्र काहीच ठरलेली नव्हती. ‘दोघेही काढू, जे चांगले येईल ते घेऊ’ एवढेच बोलणे झाले होते. शेवटचे मंगलाष्टक संपत आले तसे आम्ही दोघेही स्टेजच्या बरोबर मधोमध, एकमेकांना खेटून उभे राहिलो. अंतरपाट दूर झाला, बँड वाजला, अक्षता उडाल्या आणि आम्हा दोघांच्या कार्डांत जवळजवळ तोच फोटो चाळीस-चाळीस वेळा आला; माझ्या निम्म्या फोटोंत त्याचे कोपर होते. महिनाभराने अल्बम द्यायला गेलो तेव्हा नवरी पाने उलटत गेली, पुन्हा मागे आली आणि म्हणाली, “दादा, आई कुठंय?” आपल्याकडे काही घरांत मंगलाष्टके चालू असताना नवरीची आई लग्न पाहत नाही, ती तुळशीला पाणी घालत असते. त्या कार्यालयाच्या मागच्या अंगणात ती माउली एकटी उभी होती आणि दोन कॅमेऱ्यांपैकी एकही तिच्याकडे वळला नव्हता. मला त्या मुलीला उत्तर देता आले नाही. त्या दिवसापासून लग्नाच्या आदल्या दिवशी जागांचा कागद तयार केल्याशिवाय मी घरातून निघत नाही.

आता तुमच्या भावाचे म्हणणे पाहू. ‘हळदीचे तू, मेन लग्न मी’ ही वाटणी मला मान्य नाही, आणि ती केवळ तुमच्या मनाला लागली म्हणून नव्हे, तर कामाच्या दृष्टीनेच ती चुकीची आहे. दोन माणसे असताना एका कार्यक्रमाला एकच कॅमेरा ठेवणे म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याचा उपयोगच न करणे होय. वाटणी कार्यक्रमांची नको, ती माणसांची आणि जागांची हवी. तुम्ही नवरीकडच्या आणि तो नवरदेवाकडचा, ही पहिली रेघ. नवरी तयार होत असते त्या खोलीत, मुंडावळ्या बांधताना, ओटी भरताना, मावशी-आत्या डोळे पुसत असताना तुम्ही सहज वावरू शकता; तुमच्या भावाला दारावर टकटक करून थांबावे लागेल आणि तो आत आला की पदर सावरले जातील, बोलणे थांबेल. लग्नाच्या छायाचित्रणात हा प्रवेश फार मोलाचा असतो आणि तो बाजारात विकत मिळत नाही. हळदीला तुमचा भार जास्त राहील हे खरे, पण तेथेही भावाने नवरीचे वडील, भावकी, मांडवाखालची पंगत आणि वाजंत्री यांच्याकडे लक्ष ठेवावे.

लग्नाच्या दिवशी परण्या, म्हणजे नवरदेवाची मिरवणूक, निघेल तेव्हा भाऊ नवरदेवासोबत मारुतीच्या देवळापर्यंत जाईल. वैशाखातले भर दुपारचे ऊन डोक्यावर असते आणि फेट्याची सावली नेमकी डोळ्यांवर पडते, म्हणून त्याने फ्लॅश सोबतच ठेवावा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर (उघडे राहण्याचा वेळ) १/२०० सेकंद आणि एफ (लेन्सचे छिद्र; आकडा लहान तितके छिद्र मोठे) ११ च्या आसपास उन्हाचा प्रकाश बरोबर बसतो. त्यावर दोन मीटरच्या आतून फ्लॅश मारला की नवरदेवाचे डोळे दिसतात. तोवर तुम्ही कार्यालयात रुखवत, नवरीची तयारी आणि करवल्या घ्याव्यात. पत्रिकेत १२.३५ छापलेले असले तरी परण्या नाचत येईपर्यंत आणि माइकवरून पाहुण्यांची नावे पुकारून होईपर्यंत आपल्याकडे वेळ पुढे सरकतोच. मात्र भटजी एकदा सुरू झाले की कोणासाठी थांबत नाहीत, त्यामुळे १२ वाजता दोघांनीही आपापल्या ठरलेल्या भागात असावे.

अक्षतांचा क्षण मी जरा विस्ताराने सांगतो, कारण सगळ्या साहित्याचा निर्णय येथेच होतो. स्टेजपासून साधारण दहा मीटर मागे, मधल्या वाटेत, एका मजबूत स्टुलावर भावाने उभे राहावे. त्याची डी ७५० फुल फ्रेम आहे, म्हणजे तिचा सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) मोठा आहे; आणि लेन्सचा एमएमचा आकडा जितका मोठा तितके लांबचे जवळ दिसते. दहा मीटरवरून ७० एमएमला सुमारे पाच मीटर रुंदीची चौकट येते, म्हणजे मामा, भटजी, करवल्यांसह अख्खे स्टेज आणि वरून पडणाऱ्या अक्षता. त्याच जागेवरून २०० एमएमला १.८ मीटरची चौकट येते, म्हणजे फक्त नवरा-नवरी. जागा न सोडता दोन्ही मिळतात. यासाठी ७०-२०० एफ २.८ लागते. ती विकत घेऊ नका, दोन दिवसांसाठी भाड्याने घ्या. त्याची २४-१२० एफ ४ चांगली लेन्स आहे, पण दहा मीटरवरून १२० एमएमला तीन मीटरची चौकट येते आणि चेहऱ्यावरचा भाव त्यात लहान पडतो. शिवाय एफ २.८ ला एफ ४ च्या दुप्पट प्रकाश मिळतो.

तुम्ही स्टेजवर, नवरीच्या खांद्यामागे एका कडेला, गुडघ्यावर बसा. तेथून अंतरपाट खाली येताच नवरदेवाचा चेहरा समोरून दिसतो. तुमच्या २०० डीचा सेन्सर लहान आहे, कॅननच्या हिशेबात लेन्सचा आकडा १.६ ने गुणावा लागतो. म्हणजे तुमची ५० एमएम ही ८० सारखी वागते. दोन मीटरवरून तिच्यात जेमतेम ९० सेंटिमीटर मावतात. हार घालणारे हात किंवा नवरीचा चेहरा घेण्यासाठी ती उत्तम आहे, पण स्टेजवरच्या गर्दीत सगळे प्रसंग तिच्यावर भागणार नाहीत. तुमची १८-५५ रुंद आहे, परंतु झूम केल्यावर तिचे छिद्र एफ ५.६ पर्यंत बारीक होते, एफ २.८ च्या तुलनेत तो चौथाई प्रकाश झाला. म्हणून तुमच्यासाठी माझी पहिली आणि खरे तर एकमेव मोठी खरेदी म्हणजे सिग्मा १७-५० एफ २.८, तीही वापरलेली. दोन मीटरवरून १७ एमएमला २.६ मीटरची चौकट येते. नवरा, नवरी आणि मागचे दोन्ही मामा त्यात बसतात.

वापरलेली लेन्स घ्यायला जाताना स्वतःचा कॅमेरा सोबत न्या. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लावून पुढून आत पाहा, बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. मग टेबलावर वर्तमानपत्र तिरके धरून एका ठरावीक ओळीवर फोकस करा आणि एफ २.८ वर फोटो काढून मोठा करून पाहा. तीच ओळ सर्वांत स्पष्ट असली पाहिजे. पुढची किंवा मागची स्पष्ट दिसत असेल तर ती लेन्स सोडून द्या.

मंगलाष्टके सहसा पाच-सात असतात. पहिल्या दोन मंगलाष्टकांच्या वेळी तुम्ही स्टेजवर नसलात तरी चालेल, कारण तेव्हा भावाचा कॅमेरा समोर आहेच. त्या वेळात, नवरीच्या आईकडे तुळशीची रीत आहे का हे आदल्या दिवशी विचारून ठेवले असेल, तर तेथे जा. चार-पाच फोटो पुरेत, त्यांच्या फार जवळ जाऊ नका आणि तिसरे मंगलाष्टक सुरू होताच परत फिरा. शेवटच्या ‘सावधान’नंतर सगळा मांडव स्टेजवर चढतो. त्याच्या आधी तुम्ही तुमच्या कोपऱ्यात बसलेल्या हव्यात.

नव्या मिररलेस बॉडीचा विचार या लग्नापुरता बाजूला ठेवा असे मी म्हणेन. मिररलेस वाईट असते असे नाही. पुढे काम वाढल्यावर दोन कार्डांची बॉडी तुम्हाला घ्यावीच लागेल. पण साठ हजारांत बॉडी घेतली तर लेन्स, फ्लॅश आणि बॅटऱ्यांना काहीच उरणार नाही आणि मुहूर्ताच्या वेळी हातात अनोळखी यंत्र असेल. याच कारणासाठी भावाशी लेन्सची अदलाबदल करता यावी म्हणून भाड्याची निकॉन बॉडीही घेऊ नका. कॅनन आणि निकॉनच्या लेन्स एकमेकांना बसत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे; पण दोघांच्या झूमच्या रिंगही उलट दिशेने फिरतात, आणि घाईच्या क्षणी बोटे जुन्या सवयीनेच वळतात. नवरदेवाने हार उचलला आणि तुम्ही जवळ जाण्याऐवजी लांब गेलात, तर तो क्षण परत येत नाही.

दुसरी खरेदी फ्लॅशची. त्यात एक बारीक गोष्ट आहे. तुम्ही २०० डी असे लिहिले आहे. ती २०० डी मार्क टू असेल, तर तिच्या हॉट शूच्या (वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या) मध्यभागी असणारा पिन कंपनीने काढून टाकलेला आहे, त्यामुळे साधे, एका पिनवर चालणारे फ्लॅश तिच्यावर पेटतच नाहीत. कॅननसाठी बनवलेला टीटीएल (लेन्समधून प्रकाश मोजून आपोआप जुळवून घेणारा) फ्लॅश घ्या आणि दुकानातच आपल्या कॅमेऱ्यावर लावून, चार वेळा मारून मग पैसे द्या. हळदीच्या रात्री घरात फ्लॅश सरळ तोंडावर न मारता पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारावा. भिंत पिवळी किंवा हिरवी असेल तर तोच रंग चेहऱ्यावर येतो. मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडाचेही तसेच आहे. म्हणून दोघांनीही रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल घ्यावी आणि प्रत्येक नव्या जागी एक फोटो पांढऱ्या कागदाचा काढून ठेवावा, म्हणजे नंतर दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचे रंग एकमेकांना जुळवता येतात. स्टेजवर एलईडीचे पार लाइट (स्टेजचे रंगीत झोताचे दिवे) असतील तर फोटोत आडवे पट्टे येऊ शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे तिच्यावरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/१०० किंवा १/५० शटरवर हा त्रास बहुधा जातो. मात्र उडत्या अक्षता गोठवायला १/२५० तरी लागते, म्हणून तो शटर तेथल्या दिव्यांखाली आधीच तपासून पाहा.

तुमच्या कॅमेऱ्यात एकच कार्ड बसते, भावाच्या कॅमेऱ्यात दोन. त्याने दुसरे कार्ड बॅकअपवर लावावे. तुम्ही मोठे एकच कार्ड न वापरता ३२ जीबीची चार-पाच कार्डे घ्या. एका कार्डात सुमारे हजार रॉ फोटो मावतात. हळदीचे कार्ड वेगळे, सकाळच्या तयारीचे वेगळे, आणि मंगलाष्टकांपूर्वी, जुन्यात कितीही जागा शिल्लक असली तरी, नवे कार्ड घालायचे. भरलेली कार्डे कॅमेऱ्याच्या पिशवीत न ठेवता अंगावरच्या चेन असलेल्या खिशात ठेवा. हळदीच्या रात्री, कितीही थकलात तरी, दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घेतल्याशिवाय झोपू नका आणि अल्बम हातात पडेपर्यंत एकही कार्ड फॉरमॅट करू नका. जादा बॅटरी तुम्हाला भावापेक्षा जास्त लागेल. कंपनीच्या मोजणीनुसार डी ७५० एका बॅटरीवर सुमारे १,२३० फोटो काढते आणि २०० डी सुमारे ६५०.

आणखी एक छोटे काम हळदीच्या आधी करा. मोबाइलवर सेकंदांसह घड्याळ उघडा, दोघेही कॅमेऱ्यांची वेळ त्याला जुळवा आणि दोन्ही कॅमेऱ्यांनी त्या घड्याळाचा एकेक फोटो काढा. नंतर दोघांचे मिळून तीन हजार फोटो एकत्र येतील तेव्हा ते वेळेनुसार आपोआप एका ओळीत लागतील. अन्यथा परण्याच्या आधी सप्तपदी आणि सप्तपदीच्या मध्येच हळद अशी सरमिसळ होते आणि ती हाताने सोडवण्यात दोन दिवस जातात.

वैशाखातली धूळ आणि हळद यांची काळजी घ्या. हळदीच्या अंगणात लेन्स उघडून बदलू नका, खोलीत जाऊन बदला. बंद गाडीत कॅमेरा आणि बॅटऱ्या ठेवू नका. ड्रोनबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी नवरदेवाकडून मागणी होईल म्हणून सांगतो : २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन पैसे घेऊन उडवायचा तर २०२१ च्या नियमांनुसार चालकाकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. ज्याच्याकडे ते आहे त्यालाच बोलवावे, किंवा नम्रपणे नाही म्हणावे.

आहेराच्या वेळचे स्टेजवरचे फोटो तुमच्या पत्रात कोठेच आलेले नाहीत. कँडिडची (न सांगता टिपलेल्या सहज फोटोंची) आवड असलेल्या नव्या मुलांना हे काम कंटाळवाणे वाटते, हे मी पाहतो आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते. तास-दीड तास लोक रांगेने येतात, उभे राहतात, जातात. पण त्याच रांगेत काठी टेकत आलेली एखादी आजी असते. पुढे कधीतरी घरचे लोक तिचा फोटो शोधतात तेव्हा नातवाच्या लग्नातलाच सापडतो, आणि तोच मोठा करून, चौकट करून भिंतीवर लागतो. म्हणून हे फोटो स्टँडवर, स्थिर प्रकाशात, प्रत्येकाचे डोळे उघडे आहेत हे बघून काढा. दोघांनी अर्धा-अर्धा तास आलटून पालटून काढावेत. एक जण स्टेजवर असताना दुसऱ्याने पंगतीत फिरावे. व्हिडिओवाले वेगळे असतील तर त्यांना सकाळीच भेटून, चहा घेता घेता, कोण कोणत्या बाजूला राहणार ते बोलून घ्या; मुहूर्ताला ओरडून काही ठरत नाही.

आता मुख्य कोण? घरच्यांशी बोलणारी व्यक्ती एकच असावी आणि ती तुम्ही असाव्यात, कारण विश्वास तुमच्यावर टाकलेला आहे. वेळा, यादी, पैसे, तक्रार, सगळे तुमच्यामार्फत. भावाला मोठ्या स्टेजचा आणि प्रकाशाचा अनुभव जास्त असेल तर तेथल्या तांत्रिक बाबतीत त्याचा शब्द अंतिम ठेवा आणि हे त्याला आपणहून सांगा. “दादा, स्टेजचा लाइट तू ठरव, अक्षतांच्या वेळी मी नवरीच्या मागे बसणार, ती जागा माझी,” असे स्पष्ट बोललात तर तो ऐकेल असे मला वाटते. बहुतेक वेळा असा हट्ट अहंकारातून येत नाही, काही बिघडेल या भीतीतून येतो, आणि कागदावर जागा लिहिलेल्या दिसल्या की ती भीती ओसरते. अल्बमच्या शेवटच्या पानावर दोघांचीही नावे सारख्याच अक्षरांत असावीत.

पैशांसाठी आधी सगळा खर्च वजा करा : लेन्सचे भाडे, प्रवास, हार्ड डिस्क, अल्बमची छपाई. उरलेल्या रकमेचे लग्नाच्या दोन दिवसांपुरते दोन समान भाग करावेत, पण निवड आणि एडिटिंगचा मोबदला वेगळा काढावा आणि जो ते काम करेल त्याला द्यावा. तीन हजार फोटोंवर प्रत्येकी पाच सेकंद नजर टाकायची म्हटले तरी चार तासांहून अधिक वेळ जातो, आणि ती फक्त पहिली चाळण झाली. स्वतःच्या पैशांनी घेतलेली सिग्मा तुमचीच राहील, तिचा खर्च या हिशेबात धरू नका. हे सगळे ॲडव्हान्स हातात येण्याआधी एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. भाऊ-बहीण आहात म्हणून तर ते जास्त जरुरीचे आहे.

घरच्यांशी होणाऱ्या कराराच्या कागदात एक ओळ विसरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्रांचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणजे ते फोटो लग्नघराचे. तुम्हाला आपल्या कामाचा नमुना म्हणून इन्स्टाग्रामवर टाकायचे असतील तर तशी परवानगी लेखी घ्या आणि नवरीला कोणते फोटो चालतील हे तिलाच विचारा.

आणि एक दिवस उदगीरला त्या मंगल कार्यालयात जाऊन या, दुपारी साडेबाराच्या सुमारालाच. ऊन कोणत्या खिडकीतून येते, मागचे दार तुळशीकडे उघडते का, स्टुलाला जागा कोठे आहे, हे दोघांनी मिळून पाहा. स्टेजपासून मधल्या वाटेचे अंतर पावलांनी मोजा. ते दहा मीटर भरले तर ७०-२०० भाड्याने आणा. आणि सहाच मीटर निघाले तर भावाची २४-१२० पुरेल, कारण तेवढ्यावरून तिच्यात १२० एमएमला तीच १.८ मीटरची चौकट मिळते. मग भाड्याचे पैसे वाचवून कार्डे आणि बॅटऱ्या घ्या.